आमचा ‘पूर’ कोणत्याच यादीत नाही

बातम्या रोज छापल्या जातात, म्हणून त्या डोक्यातून निघून जातात. किस्से छापले जात नाहीत, म्हणून साचतात. भंडाऱ्यात आमच्या पेपरच्या जिल्हा ऑफिसात असे इतके साचलेत की फायली परवडल्या!

जुन्या कॉम्प्युटर गेम्सच्या याद्या पाहिल्या की माझं डोकं फिरतं. दरवेळी तीच दहा नावं! आमच्या कोपऱ्यातल्या मशीनवरच्या गेम्सचा कुठे पत्ताच नाही. खरी नावं आम्हालाही ठाऊक नाहीत. फ्लॉप्यांची लेबलं केव्हाच गळाली. आम्हीच नावं ठेवली: ‘पाणबुडी’, ‘घोडा’, ‘पूर’.

आता नागपूरच्या मुख्य ऑफिसचं पत्र आलं: सोमवारी माणूस येईल, जुनं मशीन जमा करा. आणि आमचे ऑपरेटर यशवंतभाऊ रिटायर झाले, तरी त्यांची ‘पूर’ची शेवटची पायरी अजून व्हायचीच होती!

* * *

एक गेम नुसत्या अक्षरांचा. चित्र नाही, आवाज नाही. आपण इंग्रजीत हुकूम टाइप करायचा, ‘दार उघड’, ‘दिवा लाव’, की पुढची खोली वाचायला मिळायची. काळोखी गुहा मी आयुष्यात इतकी स्पष्ट कुठे पाहिली नाही.

यशवंतभाऊ बातमी टाइप करता करता मध्येच गुहेत जाऊन यायचे. एकदा ‘दार उघड’ चुकून बातमीतच टाइप झालं. इंग्रजी कळा, मराठी फॉन्ट! जो शब्द तयार झाला तो जगातल्या कोणत्याच भाषेत नव्हता. तो एका पुढाऱ्याच्या भाषणात, अवतरणचिन्हांत, छापून आला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पीएचा फोन. आम्ही सगळे गार!

“भाषण जसंच्या तसं घेतलं जी तुम्ही. साहेब लय खूश आहेत!”

* * *

‘पाणबुडी’ जाहिरात विभागाच्या सुनंदाताईंची. रोज जवाहरनगरहून यायच्या, डबा ठेवायच्या आणि समुद्रात उतरायच्या. पडद्यावर एक हिरवी रेघ, बस्स. पण ती रेघ थरथरली की खोलीतले सगळे श्वास रोखायचे.

एकदा ऐन लढाईत तुमसरच्या दुकानदाराचा जाहिरातीसाठी फोन आला. ताई म्हणाल्या, “थांबा भाऊ, मी टॉर्पेडो सोडून राहिली!”

तिकडून प्रश्न: “तो कोणत्या पानावर येते, ताई? मले तोच द्या!”

* * *

नवी रिपोर्टर प्राची ‘घोडा’ बघून हसली. “सर, हे चार डबे आणि एक टिंब. यात काय आहे?”

यशवंतभाऊ मान न वळवता म्हणाले, “तो टिंब माहा घोडा आहे. वाळवंटात लंगडून राहिला. दिसत नाही का तुले?”

ती खुर्ची ओढून पाहत बसली. जेवणाच्या सुट्टीत तिचा चहाच्या टपरीवरून फोन आला.

“भाऊ, त्याले पाणी पाजलं का?”

* * *

हे अख्खं वाळवंट, घोड्यासकट, एका फ्लॉपीत मावायचं. आमच्या फोटोग्राफरचा फीत कापणाऱ्या पाहुण्याचा एक फोटो त्यात मावत नाही! कोण होती ती माणसं, ज्यांनी एवढ्याशा जागेत एवढं जग बसवलं? त्यांची साधी नावं कुणी छापू नयेत?

* * *

गेम आम्ही नव्या मशीनवरही चढवून पाहिले. तिथे ‘पूर’ इतका वेगात धावला की पापणी लवायच्या आत गावं बुडाली आणि पाणी ओसरलंसुद्धा!

मग मी नागपूरशी भांडलो. “त्या मशीनमध्ये आमचे मोलाचे गेम आहेत!”

“म्हणजे? ऑफिसच्या मशीनवर गेम होते?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा फोन आपणहून ठेवला.

* * *

सोमवार. रिटायर झालेले यशवंतभाऊ मुद्दाम येऊन सकाळपासून ‘पूर’ घेऊन बसलेले. नदी चढते, तीन गावं, एक होडी, माणसं-गुरं म्हणजे रंगीत टिंबं. सगळ्यांना टेकडीवर न्यायचं. शेवटच्या पायरीला नेहमी कुणीतरी मागे राहायचंच. नागपूरचा माणूस केबल गुंडाळत म्हणाला, “एवढा एक डाव. मग बंद.”

तेवढ्यात डोमाजी बातमी घेऊन आले. आमचे गोसीखुर्दकडचे वार्ताहर. त्यांचं गाव धरणात गेलं, आता पुनर्वसनात राहतात. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. बातमी हातातच धरून ते बघत राहिले.

“भाऊ, तू चुकून राहिला. हे लाल टिंबं काहून सोडतो?”

“ते बिघडलेले आहेत जी. हळू हलतात.”

“बिघडलेले नाही, बुढे आहेत ते! लवकर निघत नाही. यांलेच पहिले बसव.”

“तुम्हाले येते का हा खेळ?”

“खेळ नाही येत. गाव उठवता येते.”

मग डोमाजी सांगत गेले, यशवंतभाऊंची बोटं चालत गेली. आधी लाल टिंबं. मग गुरं. मग बाकीचे. पाणी तिसऱ्या गावावरून गेलं तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. होडी टेकडीला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! सुनंदाताईंनी तोंडावर हात धरला.

“झालं ना?” नागपूरच्या माणसाने बटणाकडे हात नेला.

डोमाजींनी तो मनगटाशीच धरला.

“थांब न बापू. माणसं उतरून राहिले अजून.”