तळाची खरवड

लग्नाला वर्ष झालं नाही, तोवर किस्से सिंकमधल्या भांड्यांसारखे चढत चाललेत. आज घासायलाच बसते.

*

मी घाटघरची. आमच्याकडं लावणीपासून ताटापर्यंत भात बायकांच्याच हातचा. सासर वारूळवाडी, भाकरीचं घर. नवऱ्याच्या नोकरीपायी पोचले थेट स्पेनला, व्हॅलेन्सियात. शेजारच्या पिलारबाई पाएया शिकवायला आल्या. पाएया म्हणजे पसरट तव्यात केशर घालून शिजवलेला त्यांचा भात. नवऱ्यानं माझी ओळख करून दिली, "हिचं कुकिंग झीरो!"

ज्याला तांदूळ कुठला अन् कणी कुठली कळत नाही, तो सांगतोय!

*

भात रटरटत होता. मी सवयीनं ढवळायला गेले. पिलारबाईंनी माझ्या हातातला डाव काढून ॲप्रनच्या खिशात टाकला. "नो टच!" मग कारण सांगितलं. तळाला भाताचा खमंग थर, म्हणजे आपली खरवड, धरली पाहिजे. ढवळलं की ती धरत नाही.

लग्नानंतर माझ्या हातातलं काही काढून घेऊन वर कारण सांगणारं हे पहिलंच माणूस!

*

तिसऱ्या खेपेला जमलं. लगेच नवऱ्याचा आईला व्हिडिओ कॉल. "आई, पाएया शिकवला बघ हिला मी!"

सासूबाई म्हणाल्या, "तुला चहा तरी येतो का रं?"

नेटवर्क गेलं. त्यानंच घालवलं.

*

रविवारी पिलारबाईंकडं जेवायला गेलो. त्यांच्या नवऱ्यानं तळ खरवडला अन् सगळ्यात जाड पापुद्रा बायकोच्या ताटात ठेवला. आमचा नवरा फुशारला, "आमच्याकडंपण खरवड बायकाच खातात!"

पिलारबाईंनी छातीवर हात ठेवला. "केवढा मान!"

पुरुषांची जेवणं झाल्यावर पातेल्यात तेवढीच उरते, हे सांगायला मी तोंड उघडलं. नवऱ्यानं पाणी मागितलं.

*

सुट्टीत वारूळवाडीला आलो. पाएयाच्या तव्याऐवजी आचाऱ्याकडून जिलेबीची पसरट तई मागून आणली. तांदूळ माहेरचा, कोंबडी गावठी. ओसरीवर पुरुष जेवायला बसले. मी वरचावरचा भात वाढला. सासऱ्यांनी नाक वर करून वास घेतला. "करपिवला व्हय? परदेशात जाऊन ह्येच शिकली?"

नवरा म्हणाला, "आबा, तीच तर खरी चीज! तिकडं खरवडीसाठी भांडत्यात लोकं!"

"आसं? मग आण की! समद्यांना वाढ!"

आत गेले. सासूबाई तई पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, हातात उलथनं. निम्मा तळ लख्ख!

"आत्या, बाहेर खरवड मागत्यात."

त्यांनी मान वर केली नाही. तोंडातला घास कुरकुर चावून संपवला, अन् उलथनं माझ्या हातात दिलं.

"त्यांना सांग, ती बायकांची असती."