पत्र्यावरचा पाटा

मी तयारीची बाई आहे. नवरा म्हणतो, हिला स्वर्गात पाठवलं तरी आधी तिथल्या खिडक्यांच्या कड्या तपासेल. म्हणू दे. माझ्या घरात मेणबत्त्या आहेत, टॉर्च आहे, टॉर्चचे सेल आहेत आणि कागदपत्रं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक घातलेली आहेत. हसायचं तर हसा.

माझ्या या तयारीला भीक न घालणारं एकच माणूस आहे, ती माझी आई. ती विक्रोळीला टेकडीच्या अंगावरच्या बैठ्या चाळीत एकटी राहते. बाबा गिरणीत होते. आधी गिरणी गेली, मग बाबा गेले, खोली तेवढी राहिली. डोक्यावर थेट पत्रा. मी घाटकोपरला, म्हणजे रिक्षाने वीस मिनिटं. किती वेळा म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा. तर म्हणते, "तुझ्या तिसऱ्या माळ्यार मी काय कबुतरां मोजू?"

दर मे महिन्यात आमची आगोट असते. पावसाळ्याआधी गावाकडे चार महिन्यांची बेगमी करतात ना, तीच. खाण्याची आगोट आईकडे: सुकट, बोंबील, कोकमं, बरणीभर मसाला. पत्र्याची आगोट माझ्याकडे. शिडी लावून वर चढायचं, निळी ताडपत्री अंथरायची आणि ती उडू नये म्हणून हाताला लागेल ते जड सामान वर ठेवायचं. आमच्या चाळीच्या पत्र्यांवर काय नाही! टायर, विटा, फुटक्या कुंड्या, एकाच्या पत्र्यावर तर चक्क जुना कमोड आहे. सगळ्यांनी तयारी केलेली असते ती पावसाची. पाऊस वरून येतो, तेवढंच आम्हाला ठाऊक. वारा खालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो, हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

त्या वर्षी आईची एकच तक्रार होती. "दिवाणाच्या वरचो पत्रो खडखडता गो. माका झोप नाय."

मला लगेच उपाय सुचला. आम्हाला कायम सुचतातच. मोरीत एक दगडी पाटा पडून होता. मिक्सर आल्यापासून त्याला कोणी विचारत नव्हतं. म्हटलं, हा ठेवते त्या पत्र्यावर, बघते कसा खडखडतो ते! आई म्हणाली, "एवढा वजन कित्याक? नको गो." पण मी कोणाचं ऐकणाऱ्यातली? रविवारची दुपार, चाळ जेवून आडवी झालेली. आईने नाइलाजाने खालून हात दिला, मी वरून ओढला. कमरेचा पार काटा ढिला झाला, पण पाटा बरोबर दिवाणाच्या वर बसला. पत्रा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी आईचा फोन, छान झोप लागली म्हणून. मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

आठवड्याच्या आत बातम्या सुरू झाल्या. समुद्रात चक्रीवादळ आहे, किनाऱ्याजवळून जाणार, जोराचा वारा सुटणार, कच्च्या घरातल्यांनी बाहेर पडा. मी आपली पाणी भरून ठेवतेय, फोन चार्ज करतेय. सकाळी नऊच्या सुमारास आईच्या शेजाऱ्याचा फोन आला. हा वेल्डर आहे, ग्रिल आणि पत्र्याची कामं करतो.

"ताई, तुमच्या पत्र्यावर पाटा कोणी ठेवला?"

"का रे?" मी म्हटलं. बघा, सरळ उत्तर दिलं नाही मी.

"अहो, पत्रा वजनाने राहत नाही, हुकाने राहतो. वाऱ्याने उचलला तर पाटा आत येणार ना! तुमचे हुक गंजून गेलेत. आज मला जमणार नाही, दहा ठिकाणी बोलावणं आहे आणि या वाऱ्यात वर चढताही येणार नाही. म्हातारीला आधी घेऊन जा."

पाटा, पत्रा, दिवाण आणि दिवाणावर आई. मी गाऊनवर ओढणी घेतली आणि खाली धावले.

चाळीत पोचले तेव्हा ताडपत्रीची टोकं फडफडत होती. पाटा उतरवावा म्हणून शिडीला हात घातला, तर शिडीच हलायला लागली. आत आई निवांत बोंबील निवडत बसली होती.

"ऊठ, चल माझ्याकडे."

"गावाक असली वादळां किती बघलंय मी."

"गावाला कौलं होती, भोवती माड होते. इथे पत्रा आहे!"

"मी येवचंय नाय. घर सोडून गेल्यार पाणी कोण काढतला?"

मी समजावलं, विनवण्या केल्या, शेवटी तोंड सुटलं. "मग मर इथेच!" असंही बोलून गेले. ते शब्द आजही आठवले की जीभ हासडून टाकावीशी वाटते. आईने एक बोंबील उचलला, डोकं मोडलं, बाजूला ठेवलं. आणि मी ठेवलेला पाटाच तुझ्या अंगावर पडेल, हे काही माझ्या तोंडातून निघेना. लाज वाटत होती, दुसरं काय!

मग माझ्यातलंही काहीतरी हट्टाला पेटलं. मी चपला काढल्या आणि दिवाणावर जाऊन मांडी घालून बसले. अगदी त्या जागेवर.

"ठीक आहे. मीपण इथेच राहते."

आईने माझ्याकडे बघितलं. मग वर पत्र्याकडे बघितलं. पत्रा एकदा वर झाला आणि धाडकन बसला. आई उठली. तिच्या गुडघ्यांना उठायला एरवी दोन मिनिटं लागतात, त्या दिवशी लागली नाहीत.

"ऊठ थंयसून! आधी ऊठ!" ती ओरडली. "मुलांची आई तू, अक्कल हा काय तुका?"

दहा मिनिटांत आम्ही रिक्षात होतो. मांडीवर मसाल्याची बरणी, पायाशी बोंबलांची गोणी. रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला. आई त्याला म्हणाली, "नाक कसला धरतस? रे बाबा, वादळ इला तर ह्याच खावचा हा." तो बिचारा हसत हसत चालवत राहिला.

दुपारभर वाऱ्याने नुसता धिंगाणा घातला. आमच्या बिल्डिंगसमोरचं गुलमोहराचं झाड आडवं झालं, कोणाच्या तरी गच्चीवरची टाकी रस्त्यावर आली. आईने सगळ्यांना बोंबलांचं कालवण करून घातलं आणि नातवाला पत्त्यांत तीनदा हरवलं. मी नुसती खिडकीशी येरझारा घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीत गेलो. आमच्या खोलीतून आकाश दिसत होतं. दोन पत्रे गल्लीच्या टोकाला दुमडून पडले होते. आणि पाटा दिवाणावर होता, उशीच्या जागी. तिथली फळी मोडून पाट्याचा एक कोपरा खाली जमिनीत रुतला होता.

मी उंबऱ्यावरच बसले.

बघायला चाळ जमली. कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी फोटो काढला. वेल्डर आत डोकावला आणि त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "पण हा पाटा वर ठेवला तरी कोणी?"

मी तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत आई बोलली.

"मीच ठेवूक लावलंय. पोरगी नको म्हणत होती. म्हातारपणाची अक्कल, दुसरा काय!"

सगळे हसले. एक काकू म्हणाल्या, "बघा, पोरीचं ऐकत जा जरा." आईनेही मान डोलावली आणि झाडू हातात घेतला.

आता त्या खोलीला नवे पत्रे आहेत, नवे हुक आहेत. गल्लीतल्या बहुतेकांनी टायर आणि विटा उतरवल्यात, कमोडसुद्धा खाली आला. दर एप्रिलमध्ये वेल्डर गल्लीतून फिरून हुक बघतो आणि आई त्याच्यामागून छत्रीचं टोक वर करून दाखवत फिरते, "हयसर बघ, थंयसर बघ." बायका जमल्या की पाट्याची गोष्ट निघतेच. आई स्वतःची अक्कल काढते, सगळ्या पोट धरून हसतात, माझं कौतुक करतात. आणि मीही त्यांच्यात बसून हसते.

इतकी वर्षं हसले. आज लिहून टाकते. पाटा मी ठेवला होता. नको म्हणत होती ती आई.