जावईबापू रुसले की जहाजं थांबतात

किस्से जमवायला जावं लागत नाही. ऑफिसच्या पँट्रीत चहाचं पाणी उकळेपर्यंत जो उभा राहतो, त्याच्या अंगाला ते आपोआप चिकटतात. मी तिथे बरीच वर्षं उभा राहिलो. चहा वाईटच होता, पण किस्से इतके साठले की आता कुणीतरी ऐकून घ्या बाबांनो!

आमचं ऑफिस सिंगापुरात, हार्बरफ्रंटला. खाली फेरी टर्मिनल, समोर समुद्र. काम काय, तर ज्याच्याकडे तेल आहे त्याला जहाज गाठून द्यायचं आणि ज्याच्याकडे जहाज आहे त्याला तेल. "वधूवर सूचक मंडळ आहे आपलं," असं आमचे बॉस पाटकर म्हणायचे. मूळचे पार्ल्याचे, पण केव्हाच सिंगापूरचे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी होऊन बसलेले.

त्याच हिशेबाने इराकच्या सर्वेसर्वाचं नाव त्यांनी 'जावईबापू' ठेवलं होतं. कधी रुसेल सांगता येत नाही, रुसला की अख्ख्या घराने उपाशी बसायचं, आणि तोंडावर बोलायची कुणाची छाती नाही! ऑफिसात त्याचं खरं नाव कुणी घेतच नसे.

* * *

२००२ साली जावईबापूंनी जाहीर केलं, महिनाभर तेल बंद! राग कुणावर, कशासाठी, ते सगळं पेपरात सविस्तर आलं होतं. आमच्या दृष्टीने बातमी एवढीच, की आमचं एक जहाज बसऱ्याच्या तेल टर्मिनलबाहेर रिकामं उभं राहिलं.

जहाजाचा मालक ग्रीक. तो दिवसभर फोन करून पाटकरांचं डोकं खायचा, "एनी न्यूज?" शेवटी पाटकर वैतागले आणि म्हणाले, "सर, सन-इन-लॉ इज अँग्री!"

 मग मालकाने जपून विचारलं, "हूज सन-इन-लॉ?"

"एव्हरीबडीज!" पाटकर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

* * *

आता निझार. कार्गोची कागदपत्रं तो बघायचा. मूळचा बसऱ्याचा, पण कॉलेज पुण्यात झालेलं, त्यामुळे "काय राव" आणि "च्यायला" अगदी जागच्या जागी यायचं. शिक्षण संपल्यावर तो परत गेलाच नाही. इन्शुरन्स बघायची शुभांगी तावडे. तिचं लहानपण कुवेतमध्ये गेलेलं. जावईबापूंनी एका रात्रीत तो देश गिळला आणि तावडे कुटुंब नेसत्या वस्त्रानिशी मुंबईला आलं.

ती रुजू झाली त्या दिवशी डबा खाताना तिने विचारलं, "तुम्ही कुठले?"

"बसरा."

शुभांगीचा घास हातातच राहिला. "तुमच्या लोकांनी आमचा फ्रिज नेला!"

निझारने मान डोलावली. "आमचा थोरला भाऊ नेला. इराणच्या लढाईत. तुम्ही नवा फ्रिज घेतला असेल."

त्या दिवसापासून दोघं रोज एकत्र जेवायला लागले. निझारचं तिकडे आता एकच माणूस उरलं होतं, धाकटा भाऊ सलीम. टर्मिनलवर इंजिनिअर. तेलखात्यातल्या माणसाला देश सोडायची परवानगी नव्हती, आणि सलीमला बाहेर काढणं हा निझारचा एकमेव ध्यास होता. बाकी सगळं, म्हणजे आम्ही, आमचा पगार, हा समुद्र, त्याला वेळ घालवण्यापुरतं होतं.

* * *

पत्रं फोडून वाचली जायची, म्हणून निझारची टपालव्यवस्था म्हणजे जहाजांचे कॅप्टन. त्यातले कॅप्टन सुर्वे गुहागरचे. बसऱ्याला तेल भरून येताना सिंगापुरात इंधन घ्यायला थांबले, की ऑफिसात डोकावायचे. निझार खुर्ची पुढे करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "सलीम दिसला?"

"दिसला की! मजेत आहे. जाड झालाय."

दर वेळी तेच उत्तर. एकदा निझार म्हणाला, "कॅप्टन, सलीम जन्मापासून काडी आहे. रेशनच्या पिठावर कोण जाड होतं हो?"

सुर्व्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आता काय सांगू तुला! तुझा भाऊ मला धड दिसतच नाही रे. त्याच्या पुढ्यात सतत एक माणूस उभा असतो, आम्ही काय बोलतो ते ऐकायला. तो जाड झालाय!"

आम्ही हसलो. निझारही हसला, आणि नंतर बराच वेळ वॉशरूममधून बाहेर आला नाही.

* * *

त्याच वर्षी तिकडे जनमत घेतलं गेलं. जावईबापूच हवेत की नकोत? मतदान शंभर टक्के, आणि सगळी मतं 'हवेत'! पाटकरांना हर्षवायू व्हायचा बाकी होता. त्यांच्या कॉन्डो सोसायटीच्या कमिटीत ते जेमतेम निवडून आले होते. "माझ्या सख्ख्या बायकोने मला मत दिलं नाही, आणि हा बघा!" असं म्हणत ते टेबलाटेबलावर फिरले.

निझार मान खाली घालून टाइप करत होता. "शंभर टक्के म्हणजे माझ्या आईचंही आलं," तो म्हणाला.

"मग? आई घाबरली असेल बिचारी!"

"नाही. वारलीय."

पाटकर आपल्या केबिनमध्ये गेले.

* * *

दिवाळीला शुभांगीची आई सिंगापूरला आली होती. माउलीने सगळ्यांसाठी चिवडा केला आणि घरच्या पद्धतीने पेपरच्या पुड्या बांधून पाठवला. निझारने पँट्रीत पुडी सोडली, तर आत जावईबापू! हातात बंदूक, ओठांवर हसू, आणि नाकावर हा एवढा तेलाचा डाग.

 निझारने आधी दार लावलं. मग चिवडा बशीत ओतला आणि टिश्यूने ते नाक पुसायला लागला. हळूहळू, लहान मुलाचं पुसावं तसं.

"अहो, हे सिंगापूर आहे!" शुभांगी म्हणाली. "इथे बंदी च्युइंगमवर, घाबरायचं तर त्याला घाबरा!"

"आमच्या गल्लीतल्या मास्तरांनी अशाच पेपरात मासे बांधून घेतले होते."

"मग?"

"मासे घरी पोचले."

शुभांगीने त्या संध्याकाळी घरी गेल्या गेल्या पेपरची सगळी रद्दी उपसली. आई विचारत राहिली, अगं काय शोधतेस? काय सांगणार?

* * *

लढाई होणार हे नक्की झालं, आणि आमची चांदी झाली. आखातात जायला जहाजं नाखूश, म्हणून भाडी वाढली. भाडी वाढली म्हणून आमचं कमिशन वाढलं. पाटकरांनी ईस्ट कोस्टला चिली क्रॅबची पार्टी दिली. टॅक्सीत निझार पुढे, आम्ही मागे. चालक चिनी काका. त्यांनी विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, तेलाची जहाजं.

काका खूश! "वा! वॉर कमिंग, यू ऑल हुआत आ!" हुआत म्हणजे भरभराट. चिनी नववर्षाला सगळे ओरडतात ते.

"येस अंकल," निझार म्हणाला. "माय ब्रदर इज देअर. ही विल हुआत फर्स्ट."

काकांनी रेडिओ बंद केला. खेकडे छान होते, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ले. मला त्या दिवशी आमच्या धंद्याची शिसारी आली. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर कामाला हजर होतो, तो भाग वेगळा.

* * *

जावईबापूंचा पुतळा पडला तेव्हा पाटकरांनी लिटिल इंडियातून पेढे आणले. निझारच्या तोंडात त्यांनी स्वतः घातला. निझार रडत होता, पेढा खात होता आणि विचारत होता, "टर्मिनलवर कोण आहे आता?"

पाटकर म्हणाले, त्यात काय, आत्ता विचारतो! आणि बसऱ्याच्या आमच्या एजंटचा सॅटेलाइट फोन लावला. त्यानंतर आठवडाभर ते विचारत होते. दर वेळी एजंट नव्या माणसाच्या हातात फोन द्यायचा. पाटकरांचा प्रश्न एकच, "हू इज इन चार्ज?" आणि दर वेळी उत्तर एकच.

"मी!"

* * *

हा शेवटचा. यानंतर सलीमचा फोन कधी लागला नाही, म्हणून याचा शब्दन् शब्द माझ्या लक्षात आहे.

जावईबापू पकडले गेले होते आणि बसऱ्यात मोबाइल आले होते. निझारने इथल्याच जुरोंग आयलंडवरच्या एका कंपनीत सलीमसाठी नोकरी पाहिली, एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, मंजूर झाला. आता सलीमने फक्त गाडीत बसून कुवेतची हद्द ओलांडायची होती. अडवायला कुणी राहिलं नव्हतं. निझारने कॉन्फरन्स रूममध्ये आम्हा सगळ्यांना बोलावलं, स्पीकर लावला आणि म्हणाला, "माझा भाऊ ऐका!" आम्ही ओरडलो, "हॅलो सलीम!" पलीकडून एक बारीक, लाजरा आवाज म्हणाला, "हॅलो, हॅलो." शुभांगीने डोळे पुसले.

मग दोघं अरबीत बोलू लागले. निझार मध्येमध्ये आम्हाला मराठीत सांगत होता. पास मिळाला ते सांगितलं. खूश आहे. कपडे कुठले आणू विचारतोय, वेडा!

"आता विचारतो कधी निघणार, कुठल्या रस्त्याने," निझार म्हणाला आणि त्याने विचारलं.

  सलीम दोनच शब्द बोलला.

"काय म्हणाला?" पाटकरांनी विचारलं.

"म्हणतोय, फोनवर नको." निझार मोठ्याने हसला आणि आधी आम्हाला, मग फोनमध्ये ओरडून म्हणाला, "अरे, तो गेला! पकडला त्याला! आता कोण ऐकणार आहे?"

सलीम हळू आवाजात काहीतरी बोलला आणि त्याने फोन ठेवला. स्पीकरमधून नुसता टूं टूं आवाज येत राहिला. निझारचा हात बटणापर्यंत गेला, पण त्याने ते दाबलं नाही.

"काय म्हणाला रे?" पाटकरांनी पुन्हा विचारलं.

निझार म्हणाला, "म्हणाला, तेव्हा कोण ऐकतंय ते माहीत होतं."