सापळ्यातला कोबी

अण्णांच्या मुलीच्या साखरपुड्यात मी मुंग्या सोडल्या नव्हत्या. मी फक्त कोबी लावला होता.

अण्णा आमचे बेंगळुरूचे घरमालक, मूळचे बेळगावचे. ते खाली, आम्ही वर, आणि गच्ची आमच्या ताब्यात. मी पुण्याहून आलेला, दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारा माणूस. म्हणजे शेतीतला माझा अधिकार उघडच आहे!

"औषध अजिबात मारायचं नाही," मी बायकोला बजावलं. "कोबीशेजारी मोहरी लावायची. मावा कीड मोहरीवर जाते, कोबी वाचतो. सापळा पीक म्हणतात याला."

"आणि सापळ्यात आलेल्या किडीचं काय करायचं?" मंजिरीनं विचारलं.

(असले क्षुद्र प्रश्न संशोधकाला विचारायचे नसतात.)

मावा आला. मोहरी काळीठिक्कर पडली, कोबीवर डाग नाही! मी तमाम नातेवाइकांना फोटो पाठवले. माव्याच्या अंगातून गोड, चिकट रस पाझरतो, ही माहिती मात्र मला मुंग्यांनी दिली. त्या फौजेसारख्या आल्या, रस प्यायल्या आणि आणखी गोड काही मिळतंय का बघायला पाइपावरून थेट अण्णांच्या स्वयंपाकघरात उतरल्या. तिथे साखरपुड्याच्या होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, रचून ठेवल्या होत्या.

नवऱ्या मुलाचे वडील मंड्याचे, भारदस्त. त्यांनी पहिला घास घेतला आणि खुर्चीतून उडालेच!

अण्णा रांगेचा माग काढत गच्चीवर जाऊन आले. "काय वो सर! तुमची शेती माझ्या घरात आली की!"

सगळे माझ्याकडे वळले. मंड्याच्या गृहस्थांनी मला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. माझी कन्नड दोन शब्दांची; त्यातला जास्त नम्र, 'बरोबर आहे' या अर्थाचा शब्द मी निवडला.

"सरी, सरी!"

गृहस्थांनी ताट दूर सारलं.

"काय विचारलं गं त्यांनी?" मी कुजबुजलो.

"मुद्दाम केलंत का, म्हणून," मंजिरी म्हणाली.

लग्न मोडलं नाही, हे मुलीचं नशीब. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी माणसं बोलावून अख्खी इमारत फवारून घेतली. भिंती, पाइप, गच्ची आणि माझा रसायनमुक्त कोबीसुद्धा! मग आमंत्रण द्यायला वर आले.

"अक्का, लग्नाला यायलाच पाहिजे."

"आणि मी?"

"तुम्ही कशाला त्रास घेता सर? स्वल्प आराम करा."

लग्नाच्या दिवशी मी घरी एकटाच. फवारलेला कोबी खायची छाती होईना, म्हणून बाजारातून भाजी आणली. कोबीच मिळाला. त्यावर काय काय मारलं होतं, देव जाणे. पण मुंगी एकही नव्हती, आणि मी अगदी समाधानानं जेवलो!