देवयानीने केलेला घोटाळा

मी माझ्या सासऱ्यांना आंधळे ठरवले होते. तेही लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणात, सासरवाडीला भाजे गावी, भर अंगणात.

तेव्हा मी लोणावळ्याला शाळामास्तर होतो आणि खगोलशास्त्राचे एकुलते एक पुस्तक वाचून डोक्यात वारे शिरले होते. लक्ष्मीपूजन उरकले, जेवणे झाली, आकाश काळेभोर. मी सगळ्यांना अंगणात ओळीने उभे केले.

"हा भाद्रपदांचा चौकोन. त्याच्या कोपऱ्यापासून वर चला. तिथे एक धुरकट ठिपका दिसेल. ती देवयानीतली दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, भोवऱ्यासारखी गरगरणारी. त्या एका ठिपक्यात अगणित सूर्य आहेत." (पुस्तकातले पान मला तोंडपाठ होते.)

"दिसला का धुरकट?"

"दिसला की," सासूबाई म्हणाल्या. जावयाचा पहिला सण, दुसरे काय म्हणणार?

"लय धुरकट हाय," मेहुणा म्हणाला.

आबा, म्हणजे सासरे, मात्र माझ्या बोटाकडे आणि आकाशाकडे आळीपाळीने बघत राहिले. "मला तर ठळक दिसतंय. साधी चांदणी हाय."

सासूबाईंनी आबांचा दंड धरला. "समद्यांना धुरकट दिसतंय, तुमालाच कसं न्हाई?"

"न्हाई दिसत तर न्हाई."

"आबा, वयोमानाने होतं असं," मी समजूत घातली. तिथेच घात झाला.

सकाळी आबांच्या हातात काठी आली. बैलगाडीचा कासरा मेहुण्याने काढून घेतला. ज्या माणसाने जन्मभर घाटात गाडी हाकली, तो ओट्यावर बसून पोरांकडून सुपारी कातरून घेऊ लागला. सुंदरा, माझी बायको, माझ्याशी बोलेना. शेवटी मीच मळवलीहून आगगाडीने आबांना लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरे दाखवली. आबांना अक्षरओळख नव्हती, पण सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत एकेकाचा आकार त्यांनी बोटाने हवेत काढून दाखवला.

"यांचे डोळे उत्तम आहेत. मास्तर, तुम्ही बसा बघू."

मला वरची दोन अक्षरे दिसली. बाकीचा सगळा तेजोमेघ होता.

परतताना आबा खिडकीबाहेर बघत एवढेच म्हणाले, "घरी मी सांगतो. तुमी गप बसा." आणि घरी त्यांनी सांगितले, की डॉक्टरांनी औषध घातले आणि डोळे बरे झाले. माझे नाव काढले नाही.

पुढे मला चष्मा लागला. अमावास्या गाठून सुंदरेला घेऊन पुन्हा अंगणात उभा राहिलो. चांदण्या टाचणीच्या टोकासारख्या. आणि त्यांच्यात खरोखरीच तो लांबट, फिकट डाग, कुणीतरी बोटाने भस्म ओढावे तसा.

"अगं, ही बघ, हीच ती!"

"पण त्या दिवशी तुम्ही तिकडं दाखवत होता," सुंदरा म्हणाली.

असेल. इतक्या अफाट लांबच्या वस्तूबाबत वीतभर चूक मी तरी मोठी मानत नाही.