शीत प्लाझ्मा आणि साध्या पाण्याचा ट्रे

शीत प्लाझ्माने विषाणू निष्क्रिय होतो का, आणि होत असेल तर एका साध्या रोपवाटिकेला त्याचा उपयोग आहे का, या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी शिरूरहून दौंड तालुक्यात गेलो होतो. उत्तर मिळाले. त्याआधी माझी स्वतःची एक चूक सापडली, ती येथे लपवत नाही.

रोपवाटिका माझ्या धाकट्या बहिणीची. पाटसच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत. ती मुख्यतः टोमॅटोची रोपे करते. मागच्या हंगामात रोपांची पाने हिरवी-पिवळी, चितकबरी होऊन आक्रसली आणि शेतकरी ट्रे तसेच ठेवून निघून गेले. यंदाही तसेच झाले तर टोमॅटो बंद करायचा, असे तिने ठरवले होते. टोमॅटो बंद म्हणजे रोपवाटिकाच बंद, हे तिलाही ठाऊक होते.

सणसवाडीत इंजिनिअर असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने शीत प्लाझ्माचे छोटे यंत्र तयार केले होते. ते तिने चाचणीसाठी स्वतः आणून बसवून दिले. वायूला विजेची पुरेशी ऊर्जा दिली की त्याच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. शीत प्लाझ्मात इलेक्ट्रॉन अतिशय तापलेले असतात, पण एकूण वायू कोमटच राहतो. त्यात तयार होणारे ऑक्सिजन व नायट्रोजनचे क्रियाशील कण विषाणूचे प्रथिनांचे कवच आणि आतले जनुकीय द्रव्य बिघडवतात. असा विषाणू पुन्हा रोग करू शकत नाही. मी हे फळ्यावर शिकवावे तसे समजावले.

बहीण म्हणाली, “दादा, तास संपला आसंल तर मशीन चालू कर.”

मी तीन ट्रे मांडले. रोगट पाने पाण्यात वाटून गाळून घेतली. पहिल्या ट्रेतील रोपांना तो रस जसाच्या तसा लावायचा. दुसऱ्याला तोच रस, पण उथळ काचपात्रात यंत्रातल्या प्लाझ्माच्या जांभळ्या प्रकाशाखाली ठेवून काढलेला. तिसऱ्याला नुसते साधे पाणी. बोटाने पान हलके घासायचे, म्हणजे सूक्ष्म ओरखड्यांतून द्रव आत शिरतो. पहिले दोन ट्रे आप्पांकडे दिले. आप्पा रोपवाटिकेतील सर्वांत जुने कामगार, हात अतिशय हलका. तिसरा ट्रे मी स्वतःकडे ठेवला, कारण तुलनेचा ट्रे शिक्षकाच्याच हाती सुरक्षित असतो, अशी माझी समजूत होती.

दोन आठवड्यांनी तिन्ही ट्रे चितकबरे झाले.

“मशीन घिऊन जायला सांग तिला,” बहीण म्हणाली आणि ट्रे उचलायला लागली.

“थांब,” मी म्हणालो. “यंत्र नापास झाले असेल, पण साध्या पाण्याने रोग कसा होईल?”

मी त्या दिवसाची प्रत्येक कृती क्रमाने वहीत लिहू लागलो. हात पुसले, लेबले बांधली, आप्पांनी तंबाखू मळली. येथे पेन थांबले. आप्पा कोणतेही काम तंबाखू मळल्याशिवाय सुरू करत नाहीत आणि शेजारच्याला चिमूट दिल्याशिवाय स्वतः खात नाहीत. मी तंबाखू खात नाही; पण वडीलधाऱ्या माणसाचा पुढे आलेला हात परतवणे बरे दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक वेळी चिमूट घेतली, बोटांत धरली आणि आप्पांची नजर वळताच हळूच खिशात टाकली. मग त्याच बोटांनी साधे पाणी लावले.

टोमॅटोवर असा रोग करणाऱ्या विषाणूंपैकी एक मुळात तंबाखूच्याच पिकावरचा. सुकवलेल्या तंबाखूतही तो टिकून राहू शकतो. आणि यंत्राखालून काढलेला रस तर तंबाखू मळलेल्या आप्पांच्याच बोटांनी लागला होता.

“म्हंजी सर, मी इतकी वर्सं दिलेली तंबाखू तुम्ही टाकून देत व्हता?” आप्पांना विषाणूपेक्षा याचेच वाईट वाटले.

“आप्पा, चूक माझी आहे. तोंडाने नाही म्हणायला हवे होते.”

“आन् वहिनी बिचारी खिशातला भुगा बघून संशय घ्यायची,” बहीण म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

प्रयोग पुन्हा केला. या वेळी साबणाने हात धुतले आणि नंतर पातळ दुधात बुडवले. दुधातील प्रथिनांमुळे या विषाणूचा प्रसार रोखला जातो. आप्पा बादलीकडे पाहून म्हणाले, “चहाला दूध न्हाई आन् हाताला अंघोळ.” चौथा ट्रेही वाढवला. त्यातील रोपांना त्यांच्याच तंबाखूचे पाणी लावले.

“माझ्या तंबाखूची बी परीक्षा व्हय?”

“तोंडी नाही, लेखी,” मी म्हणालो आणि लेबल बांधले.

निकाल असा: साध्या पाण्याची सगळी रोपे निरोगी. रोगट रसाची सगळी आजारी. प्लाझ्माखाली ठेवलेल्या रसाच्या ट्रेत दोन रोपे बिघडली, बाकीची चांगली. त्या दिवशी पात्र काढण्याची घाई झाली होती, असे विद्यार्थिनीचे मत पडले. तंबाखूच्या पाण्याच्या ट्रेतही काही पाने चितकबरी निघाली. आप्पांनी ती न्याहाळली आणि तंबाखूची चंची शेडनेटबाहेरच्या खुंटीला अडकवली.

म्हणजे शीत प्लाझ्मा विषाणूला निष्क्रिय करतो, पण जेथे आणि जितका वेळ पोचतो तेथेच. ट्रे आणि कात्र्या धुण्याच्या पाण्यासाठी यंत्र ठेवावे, हातांसाठी साबण आणि दूध, असे बहिणीने ठरवले. त्याच दुपारी तिने मागच्या हंगामातील शेतकऱ्यांना एकेक करून फोन लावले. “व्हय, टोमॅटो हाय यंदा. आधी येऊन रोपं बघा, मग बोला.” तिघे दुसऱ्याच दिवशी आले, आणि आप्पांनी त्यांना हात धुतल्याशिवाय आत सोडले नाही.

चार ट्रे आणि एक रोपवाटिका हा पुरावा लहान आहे, हे मला मान्य आहे. म्हणून वाचकांना विनंती आहे की, माझ्या शब्दावर विसंबू नये. कोणी असे यंत्र दाखवले तर साध्या पाण्याचा एक ट्रे शेजारी मांडायला सांगावे, हात धुवावेत, दोन आठवडे थांबावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहावे.