आत्याबाईंना आग्रह

सिंगापुरातल्या समस्त मराठी माणसांत ज्याच्या अंगाला बोकडाचा वास येतो असा माणूस एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. ही निंदा नव्हे, वस्तुस्थिती आहे. मामा वुडलँड्सला एमआरटीत चढले की दोन स्टेशनांत त्यांच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत. मामांचा समज असा की या देशात वडीलधाऱ्यांचा फार मान राखतात. "बघा जावईबापू," ते ऐसपैस बसून मला म्हणत, "पुण्यात कोणी एवढी जागा देतं का?" मी नाही म्हणे. ते खरंच होतं.

मामा पुण्याहून बँकेच्या नोकरीसाठी आले, आयुष्यभर ऑडिट केलं आणि बँकेतल्याच एका चिनी सहकारी बाईंशी लग्न केलं. मामींच्या वडिलांचं बेटाच्या उत्तर टोकाला शेळ्यांचं लहानसं शेत होतं. पत्र्याचे दोन गोठे, दूध बाटल्यांत भरायची एक खोली आणि पपईची काही झाडं. जवळच लष्कराचा सराव चाले. गोळीबार सुरू झाला तर शेळ्या मानही वर करीत नसत, मामा मात्र दर वेळी दचकत. सासरे गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर दोघं तिथेच राहायला गेली. मामींना दूध काढता येत असे. मामांना येत नसे. त्यांच्या अखंड बोलण्याने शेळ्या पान्हा चोरतात, असं मामींचं म्हणणं होतं. म्हणून मामांकडे फक्त देखरेख आली आणि ती त्यांनी ऑडिटच्या शिस्तीने केली. पेंडीचं नवं पोतं उघडलं की पहिला तुकडा ते स्वतः चावून बघत. "जरा खारट आहे, पण चालेल," असा शेरा मिळाल्याशिवाय शेळ्यांना पेंड मिळत नसे. नवी शेळी आली की दोन दिवस ते तिच्यासमोर स्टूल टाकून बसत आणि मग निकाल देत: "हुशार आहे, पण टीममध्ये काम करणार नाही."

दुधाच्या शेतावर नर करडाला काम नसतं. काही आठवड्यांनी लॉरी येते आणि त्याला घेऊन जाते. मामींच्या वडिलांपासून चालत आलेला नियम असा की जे जाणार त्याला नाव द्यायचं नाही. माद्यांचं बारसं मात्र मामा घुगऱ्या वाटून रीतसर करीत. लॉरीच्या दिवशी त्यांना लिटिल इंडियात हटकून काम निघे. ते काम म्हणजे मिठाईच्या दुकानात चहाचा कप पुढे ठेवून संध्याकाळ होऊ देणं. परत येताना ते कोणी न मागितलेला कढीपत्ता आणत. मामी तो काही न विचारता फ्रिजमध्ये ठेवीत.

सगळ्यांत जुनी शेळी म्हणजे आत्याबाई. मामांच्या सख्ख्या आत्याप्रमाणे ती दारातून आत आल्या आल्या तक्रार सुरू करी, म्हणून हे नाव. एक शिंग वाकडं, दाढी पिवळी पडलेली, दूध कधीच आटलेलं. मामा सकाळचा पेपर तिला वाचून दाखवीत आणि वाचून झालेलं पान ती खाऊन टाकी. "बातमीची योग्यता तिला कळते," मामा म्हणत.

मग एके वर्षी कळलं की सरकारी जमिनीचा करार संपल्यावर पुढे वाढणार नाही. आसपासच्या शेतांनाही तेच कळवलं गेलं होतं. तरुण दुभत्या शेळ्या घ्यायला दुसरं एक शेत तयार झालं. उरलेल्यांसाठी लॉरी. आत्याबाई उरलेल्यांत होती.

पुढचे काही महिने मामा मुलीसाठी स्थळ शोधणाऱ्या बापासारखे फिरले. मासे पाळणारे, ऑर्किडवाले, बेडूकवाले, सगळ्यांकडे जाऊन आले. "वागायला शांत आहे" हे धडधडीत खोटंही त्यांनी सांगितलं. शेवटी भाजीचा मळा असलेल्या एका म्हाताऱ्या चिनी अंकलने होकार दिला. त्याच्या कराराची अजून काही वर्षं बाकी होती. अट एकच, शेळी धडधाकट हवी. आजारी जनावर तो घेणार नव्हता. मामांनी मला ऑफिसात फोन केला. "ठरलं! पोळा झाला की दुसऱ्याच दिवशी पाठवणी."

पोळा ही त्या शेताची खासियत होती. बैल नाहीत तर जे आहेत त्यांचा पोळा करू, असं म्हणून मामांनी तो सुरू केला होता. सोयीच्या रविवारी चांगी ते जुराँगपर्यंतची मराठी कुटुंबं टॅक्स्या करून येत. मुली शेळ्यांच्या शिंगांना नेलपॉलिश लावीत. प्रत्येक घरातून पुरणपोळ्यांचा डबा येई. त्या माणसांसाठी. शेळीला फक्त अंगठ्याएवढा तुकडा, तोही मामांच्या हातून. डाळ, गूळ आणि मैदा शेळीच्या पोटात आंबतो आणि तिला मारू शकतो, हे मामा दर वर्षी सगळ्यांना उभं करून सांगत. सगळ्यांना ते पाठ होतं. पण तो नियम शेळ्यांचा होता, आणि आत्याबाईला कोणी शेळी मानत नव्हतं.

त्या शेवटच्या पोळ्याला नेहमीपेक्षा जास्त लोक आले. मामांनी आत्याबाईला तुकडा दिला, तेव्हा पासिर रिसच्या काकू पुढे झाल्या. काकू सत्तरीच्या, मुलाकडे राहणाऱ्या; इथे त्यांना खाऊ घालायला माणसं पुरत नसत.

"अहो भाऊ, एवढासा तुकडा काय देता? सासरी निघालीय ती. उपाशी पाठवणार?"

"वहिनी, तिला सोसत नाही."

"एका पोळीनं काय होतंय? माझ्या हातची एक. नाही म्हणू नका."

मामा हसले. आजूबाजूचेही हसले. "बरं. एकच हं."

तिथे चूक झाली. एका घरची खाल्ल्यावर दुसऱ्या घरची कशी नाकारायची? मामा पाहुण्यांना गोठा दाखवायला वळले आणि त्यांच्यामागे आग्रह सुरू झाला. "त्यांची खाल्लीस, आमची नको का?" "ही तुपाची, ही घे." माझ्या बायकोनेही एक दिली. आत्याबाईने कोणालाच नाही म्हटलं नाही. कोणाचा तरी मुलगा इथल्या बोलीतल्या इंग्रजीत ओरडला, "शी वॉन्ट सम मोर, ला!" मामी बाटल्यांच्या खोलीतून ओरडत आल्या, "यू ऑल ईट! गोट डोन्ट ईट!" लोकांना त्याचीही गंमत वाटली. तोवर डबे रिकामे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमची पातेली आणायला गेलो. आत्याबाई आडवी पडली होती. डावी कूस फुगून ताठ झाली होती आणि ती दात खात होती. जनावरांच्या डॉक्टरांनी नळीने सोडा घातला, इंजेक्शन दिलं आणि उशीर झाल्याचं सांगितलं. काय खाल्लं, असं त्यांनी विचारलं.

"लव्ह," मामी म्हणाल्या. "फीड, फीड, फीड. लव्ह अंटिल डाय, ला."

मामा जमिनीवर बसले होते, तिचं डोकं मांडीवर घेऊन. शिंगांवर गुलाबी नेलपॉलिश तसंच होतं. त्यांनी वर न बघता मला विचारलं, "मी एकच म्हणालो होतो ना, जावईबापू?"

"एकच म्हणालात."

दुपार व्हायच्या आत ती गेली. भाजीवाल्या अंकलने तिच्यासाठी मळ्याच्या कोपऱ्यात पत्रा टाकून ठेवला होता. त्याला सांगायला मामा एकटेच चालत गेले.

ती गेल्याचं कळल्यावर लोकांचे फोन आले. प्रत्येकाला मामांनी एकच उत्तर दिलं: "वय झालं होतं हो." बायकोलाही हेच सांगायचं, असं त्यांनी मला बजावलं. मी तसंच सांगितलं. पुढच्या महिन्यात शेत रिकामं झालं आणि दोघं वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मामा आता रोज इस्त्रीचा शर्ट घालतात आणि त्यांच्या अंगाला साबणाचा वास येतो. ओळखायला एक क्षण लागतो.

त्या दिवाळीत पासिर रिसच्या काकूंनी आम्हा चौघांना जेवायला बोलावलं. पानं वाढून झाल्यावर त्या मामांसमोर बसल्या.

"भाऊ, एक विचारू? आत्याबाईनं माझी पोळी नीट खाल्ली होती ना? मला रात्रंदिवस वाटतं, तूप कमी पडलं होतं."

मामी मामांकडे बघत होत्या. मामांनी घास खाली ठेवला.

"तूप भरपूर होतं, वहिनी. खाऊन झाल्यावरही कितीतरी वेळ ओठ चाटत होती."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचा चेहरा निवळला. "तेवढं तरी घडलं हातून," त्या म्हणाल्या आणि सुनेला भात आणायला सांगितला.

उतरताना लिफ्टमध्ये मामींनी विचारलं, "व्हाय यू टेल हर लाइक दॅट?"

मामा दारावरचे उलटे सरकणारे आकडे बघत राहिले. मग इंग्रजीत न बोलता, कोणालाच उद्देशून नसल्यासारखं, मराठीत म्हणाले, "आवडली होती तिला. त्यात काही खोटं नाही."